पाहुणीला सहा

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, हे मी सांगायच्या आधीच माझ्या आवाजावरून तुम्ही ओळखले असेल. चांगली कात्री कापडातून जाताना कानाला कळतसुद्धा नाही. मी चालले की करकर ऐकू येते. धार गेली, जीभ मात्र अजून तिखट आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म भट्टीच्या तोंडाशी झाला. पोलाद तापवून, ठोकून माझी दोन पाती घडवली, मधे एक स्क्रू बसवला आणि दगडावर घासून घासून मला धार दिली. दुकानाच्या काचेमागे मी बरेच दिवस पडून होते. मग एके दिवशी पडद्यांचे काम नुकतेच शिकलेली एक मुलगी आली. तिने मला दोनदा हवेत चालवले, कानाशी धरून ऐकले आणि म्हणाली, "हीच द्या."

पुढची कितीतरी वर्षे मी नुसता थाट केला. खोलीच्या मधोमध कापायचे मोठे टेबल होते आणि त्याच्यावरच्या भिंतीत माझा स्वतःचा खिळा. जाड मखमल म्हणा, झिरझिरीत जाळी म्हणा, खडूची रेघ मी कधी सोडली नाही. दवाखान्याचे हिरवे पडदे मी कापले. एका शाळेच्या रंगमंचाचा लाल पडदा कापला, तो तर टेबलावरून ओघळून दारापर्यंत गेला होता. गिऱ्हाइके म्हणायची, "बाई, काय सफाई आहे तुमच्या हाताला." हात तिचा होता, पण धार माझी होती. कौतुक करताना लोकांना धार दिसत नाही, आणि खोटे कशाला बोलू, मला ते लागायचे.

शिवणाऱ्यांच्या घरात एक नियम फार कडक असतो. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही. कागद दिसायला गरीब, पण धारेचा पार निकाल लावतो. आता गंमत बघा, आमच्या बाईंनी लग्न केले ते छापखान्यात काम करणाऱ्या माणसाशी. छपाईत रंग हललेले, फुकट जाणारे मोठाले कागद तो रोज काखोटीला मारून घरी आणायचा. त्यांना पहिली मुलगी झाली आणि तिचा पहिला नाताळ आला. बाई माप घ्यायला बाहेर गेल्या होत्या. मुलीच्या खुळखुळ्याभोवती गुंडाळायला या गृहस्थांनी असला एक कागद पसरला आणि खिळ्यावरून मला काढले.

बाई आल्या. माझ्या पात्यावर अंगठा फिरवला. त्या दिवशी त्या माणसाने काय काय ऐकले ते मी लहान मुलांसमोर सांगणार नाही. आठवड्याभरात खिळ्यावर नवी कात्री आली आणि माझी रवानगी खणात झाली. तुटकी बटणे, वाळलेला डिंक, टोपण नसलेली पेने, हे माझे शेजारी. वर्षभर माझी कोणी आठवण काढत नसे. फक्त नाताळ जवळ आला की खण उघडायचा, कारण कागद कापायला आता घरात मी होते.

म्हणून दर वर्षी मुलांना किती भेटी द्यायच्या, हा या घरातला सगळ्यात मोठा वाद माझ्यासमोर झाला. मुले शाळेत गेली की आई-बाबा टेबलाशी बसत. बाबा पाच भावंडांतले. पाचांत मिळून एक चेंडू, असे त्यांचे बालपण गेले होते. त्यामुळे त्यांना ढीग लावायची हौस. एका वर्षी त्यांनी हट्टाने थोरलीला सात भेटी दिल्या. तिने सातवे पुडके फाडले, इकडेतिकडे पाहिले आणि आठवे कुठे आहे म्हणून भोकाड पसरले. तेव्हापासून तीन ठरल्या. एक आईच्या पसंतीची, एक बाबांच्या पसंतीची आणि एक दोघांच्या भांडणातून आलेली. ही तिसरी नेहमी कोणालाच धड आवडायची नाही, पण भांडणाची मजा दोघांनाही सोडवत नव्हती.

थोरली आता अकरा वर्षांची झाली होती आणि कुठल्याही गोष्टीवर वाद घालायची, म्हणून तिला घरात वकीलबाई म्हणत. धाकटा सहा वर्षांचा. तो कायम तिच्या मागे मागे, म्हणून तो शेपूट.

त्या वर्षी बाबांची बहीण आजारपणात गेली. तिच्या मुलीला वडील आधीच नव्हते. नऊ वर्षांची ती पोर मामाचा हात धरून या घरात आली. तिची आई तिला चिमणी म्हणायची, म्हणून इथेही सगळे चिमणीच म्हणू लागले.

मित्रांनो, इतकी शहाणी मुलगी मी पाहिली नाही, आणि मला ते बघवत नव्हते. पाणी घेतानासुद्धा ती विचारायची, "मामी, घेऊ का?" खुर्चीत बसायची ती अगदी कडेला. शेपटाने ताटे मांडायला नाही म्हटले की आई त्याचा कान धरायच्या. चिमणी उठली की म्हणायच्या, "राहू दे गं, तू नको." सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलत. आल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. मामा-मामींना वाटे, पोर रुळली. मला तसे वाटत नव्हते, पण खणातल्या कात्रीला विचारतो कोण?

नाताळ आला. खण उघडला.

"तिघांना तीन-तीन," आई म्हणाल्या. "नऊ पुडकी. यात वाद नको."

"अगं, पण आपल्या दोन मुलांना आपण आहोत. तिला कोण आहे?" बाबा म्हणाले.

"म्हणूनच सारखं द्यायचं. मुलं मोजतात."

"मोजू देत. आपली मुलं समजूतदार आहेत."

"तुमचं शेपूट समजूतदार?"

बाबा हसले नाहीत. कागदाची घडी उगाच घालत आणि उलगडत बसले. मग म्हणाले, "या वर्षी ताईने तिच्यासाठी काहीतरी बघून ठेवलं असेल गं. तिला आधीपासून बघून ठेवायची सवय होती."

आईंनी त्यांच्या हातातला कागद घेऊन टेबलावर पसरला. शेवटी त्यांनीच मला उचलले. "बरं. तीन आपली आणि तीन तिच्या आईच्या वाटची. चिमणीला सहा."

त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही भरले असते, पण मला गंजाची भीती. मी मुकाट्याने कागद कापले. निळा रंग सरकून दोनदा छापलेल्या जहाजांचे ते कागद होते.

नाताळच्या सकाळी मुले जमिनीवर बसली. पुडकी वाटून झाली. शेपटाने आपली मोजली, वकीलबाईची मोजली, चिमणीची मोजली आणि विचारले, "हिला सहा का?"

वकीलबाईने त्याला कोपराने ढोसले. "गप रे. ती पाहुणी आहे ना. पाहुण्यांना जास्त द्यायचं असतं."

तिने हे फार प्रेमाने म्हटले. मोठ्या मनाने म्हटले. आपल्या मुलीचा शहाणपणा पाहून बाबांना तर कौतुकच वाटले. चिमणीने मान हलवली. मग तिने तीन पुडकी उघडली, चिकटपट्टी माझ्या टोकाने हळूच सोडवून, कागद जराही न फाडता. उरलेली तीन तिने एकावर एक रचली आणि बाजूला सरकवली.

"ती उघड ना," आई म्हणाल्या.

"नंतर उघडते." थोड्या वेळाने ती आईंच्या मागोमाग शिवणाच्या मशीनपाशी आली आणि अगदी नीट आवाजात तिने विचारले, "मामी, मी कधी जायचं?"

"कुठे?"

"ते मला माहीत नाही. पण पाहुणे जातात ना. मला आधी सांगाल का? मी माझं सामान आवरून ठेवीन."

आईंचे हात मशीनवर तसेच राहिले. बाबा धावत आले. "अगं वेडे, हे तुझंच घर आहे," असे त्यांनी तिला तीन-चार प्रकारे सांगितले. प्रत्येक वेळी चिमणी "हो मामा" म्हणाली. ती सगळ्यालाच हो म्हणत असे. ती तीन पुडकी तशीच बंद, खिडकीत जाऊन बसली आणि दिवसामागून दिवस तिथेच राहिली. आई येता-जाता त्यांच्याकडे बघायच्या. मूल घरात होते, पण घराचे होत नव्हते, आणि आपणच त्याला सहा वेळा परके केले, हे त्यांना कळून चुकले होते. पण करायचे काय, ते कळत नव्हते.

जे व्हायला हवे होते ते घडले सुट्टीतल्या एका दुपारी, आणि कोणीही ठरवून केले नाही. शेपटाला त्याच्या गाडीसाठी पुठ्ठ्याच्या खोक्याचे गॅरेज हवे होते. दार कापून द्यायचे चिमणीने कबूल केले. तिने आधी मलाच घेतले. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण पुठ्ठा काही मला पेलवेना. मग तिने खिळ्यावरची नवी कात्री काढली. दार सुरेख कापले गेले, कड्या लावायची भोकेसुद्धा पडली. तेवढ्यात आई खांद्यावर कापड टाकून आत आल्या.

"खिळ्यावरची कात्री कुणी काढली? पुठ्ठा? माझ्या कात्रीने पुठ्ठा?" आवाज पार जिन्यापर्यंत गेला असेल. "तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात भुसा भरलाय का? आधी तुझ्या मामाने एका कात्रीची वाट लावली, मग त्या वकीलबाईने हात मारला, मग या शेपटाने. तूच तेवढी राहिली होतीस. सगळं घराणं माझ्या कात्र्यांच्या मुळावर उठलंय."

बोलता बोलता त्या थांबल्या. आपण कोणाला बोलतो आहोत हे त्यांच्या आता ध्यानात आले आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. चिमणी पांढरीफटक पडली होती.

शेपूट पुठ्ठ्यातून बाहेर आला. "मला याच्यापेक्षा जास्त ओरडली होती," तो जरा तोऱ्यातच म्हणाला. "मी पडदा पण कापला होता."

"मला दोन दिवस टेबलापाशी यायची बंदी होती," दारातून वकीलबाई म्हणाली.

चिमणीने मामींकडे पाहिले. "मला पण बंदी?"

हो म्हणावे की जवळ घ्यावे, हे आईंना क्षणभर सुचेना. मग त्या म्हणाल्या, "हो. तुला पण दोन दिवस. आणि हा सगळा पुठ्ठा आधी आवरायचा. मी हात लावणार नाही."

चिमणी खाली बसली. तिने पुठ्ठ्याचे दोन तुकडे उचलले आणि तिला रडू फुटले. हळू नाही, चांगले मोठ्याने, शेजारी ऐकतील असे. "मला आई पाहिजे," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हणाली. मामी तिच्याजवळ जमिनीवर बसल्या, तिला कुशीत घेतले आणि उगी म्हटले नाही. "हो गं. पाहिजेच," एवढेच म्हणाल्या. दोघी किती वेळ तशा बसल्या होत्या कोण जाणे. पुठ्ठा मात्र नंतर चिमणीनेच आवरला.

संध्याकाळी तिने खणातून मला काढले. खिडकीतली तीन पुडकी आणली, एक वकीलबाईपुढे ठेवले, एक शेपटापुढे आणि एक आपल्यापुढे.

वकीलबाईने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे सगळ्यांना चार. चालेल."

आतल्या वस्तू घेतल्या होत्या चिमणीच्या मापाच्या. वकीलबाईला आलेले लाल हातमोजे तिच्या तळव्यापर्यंतच पोचले. शेपटाच्या पुडक्यात फुलाफुलांच्या पिना निघाल्या, त्या त्याने सगळ्या डोक्याला लावल्या आणि जेवताना काही केल्या काढू दिल्या नाहीत. चिमणीला मिळाले चित्रांचे एक पुस्तक. ते मांडीवर घेऊन ती त्या दोघांना हसत बसली, खुर्चीत चांगली मागे टेकून.

मित्रांनो, आता मी थकले. एकदा वंगणाचा थेंब मिळाला तर बरे वाटेल, पण तुम्ही माझे मनावर घेऊ नका. तुमच्या घरी शिवणारे कोणी असेल तर एवढे करा, त्यांच्या कात्रीला कागद दाखवू नका. आणि कधी तुमच्या घरात एखादे नवे मूल राहायला आले, तर त्याला फार जपून हाताळू नका. तुमच्याएवढेच द्या, तुमच्याएवढेच काम सांगा, आणि तुमच्यावर ओरडतात तेवढेच त्याच्यावरही ओरडू द्या. धार सारखी लागली की दोन्ही पाती नीट चालतात, हे मी अनुभवाने सांगते.

पुढच्या नाताळला आई-बाबा टेबलाशी बसले, तेव्हा आकड्याचा वाद झालाच नाही. तिसऱ्या भेटीवरून मात्र तिघांच्याही नावाने कडाकडा भांडले. मी नऊ कागद कापले. सकाळी चिमणीने आपली तीन पुडकी टराटरा फाडली, कागदाच्या ढिगात हात घालून चाचपले, खुर्चीमागे वाकून पाहिले.

"मामी, तीनच?"

आईंनी शिवणावरून मान वर केली नाही. "तीनच. सहा द्यायला तू काय पाहुणी आहेस?"

"नाही," चिमणी म्हणाली आणि गाल फुगवून कागद गोळा करायला बसली.