टिचकीताईचे हातमोजे

कप डाव्या तळहातावर उभा करायचा, काठाला टिचकी मारायची, ऐकायचं आणि पुढचा घ्यायचा. चिनी मातीच्या कपांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तिचं हेच काम. खरं नाव हजेरीपुस्तकात; बाकी सगळ्यांना ती टिचकीताई. अखंड कप टिचकी खाऊन बराच वेळ थरथरतो, म्हणून खणखणीत वाजतो. केसाएवढा जरी तडा असला, तरी थरथर तिथेच अडखळून विझते आणि कप बद्द वाजतो. बद्द कप ताई शेजारच्या पिंपात टाकायची. तिच्या हातून तडकलेला कप बाहेर जायचा नाही, आणि याचा तिला चांगला तोरा होता. असायलाच हवा की!

गेल्या महिन्यात कारखान्याने जाड रबरी हातमोजे दिले. हात सोलवटायचे थांबले म्हणून ताई खूश होती.

घरी मात्र एक गोष्ट तिला सलत होती. नवरा पोस्टातून निवृत्त झाला आणि त्याचं गुणगुणणं बंद पडलं. लग्नापासून हा माणूस दाढी करताना, भाजी निवडताना, अगदी दुखलंखुपलं तरी तोंड मिटून एकच चाल गुणगुणायचा. एका ठरावीक जागी हमखास घसरायचा, आणि ताई तिथे त्याला टोकायची. आता वर्ष झालं, सूर म्हणून नाही. बोलायचा तेही मोठ्याने, तोडून तोडून. याला आपला कंटाळा आला, असं तिने मनाशी धरलं होतं. विचारायचा धीर झाला नाही. हो म्हणाला असता तर?

त्या रविवारी तिने स्वतः तपासून कारखान्यातून आणलेल्या नव्या कपात त्याला चहा दिला. त्याने उचलला, तर कपाचा कान हातात आणि कप मांडीवर. कळ सोसतच तो घाईने म्हणाला की निसटला, माझाच वेंधळेपणा.

तिने त्याला मोरीत स्टुलावर बसवलं. एका हाताने ती मांडीवर गार पाणी ओतू लागली आणि तो कलंडू नये म्हणून दुसरा तळहात तिने पाठीवर ठेवला. पाठ थरथरत होती. आधी वाटलं, बिचारा कळवळतोय. पण थरथर चढत होती, उतरत होती, आणि एका जागी घसरून पुन्हा सावरत होती. तिने हात उचलला. काहीच नाही. पुन्हा ठेवला. चाल सुरूच होती.

“अहो, तुम्ही गुणगुणताय?”

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “रोजच गुणगुणतो की गं.”

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. वर्षभर मोठ्याने बोलत होता तो कंटाळून नव्हे.

तांब्या हातात तसाच राहिला. तिचे कान कधीच गेले होते. कपांची थरथर ओळखत होता तो तळहात. हातमोजे चढले आणि तोही बहिरा झाला. तेव्हापासून सवयीने प्रत्येक कप तिला खणखणीतच वाटत होता. महिनाभराचे कप! कुणाच्या मांडीवर, कुणा लेकराच्या हातावर सांडणार होते, देव जाणे. ताई रडली, आणि नवऱ्याने तिला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी तिने सुपरवायझरला सगळं सांगून टाकलं.  तो हळू आवाजात काहीतरी म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही हे लक्षात आल्यावर त्याने पुन्हा मोठ्याने म्हटलं, “ताई, कुणाला कळलंही नसतं.”

“मला कळलंय ना.”

कान नाहीत म्हटल्यावर खुर्ची जाणार, हे ती घरूनच समजून आली होती. तिने एवढंच मागितलं की महिनाभराचा माल उघड्या हाताने पुन्हा तपासू द्या. दुकानांत गेलेला मालही सुपरवायझरने परत मागवला. सात दिवस लागले. पिंप दोनदा भरलं. शेवटचा कप फळीवर ठेवून तिने हातमोजे घडी करून खुर्चीवर ठेवले आणि ती घरी आली.

नवरा पायरीवर मटार सोलत बसला होता. काय झालं, ते विचारायला तो वळू लागला.

“वळू नका,” ती म्हणाली. “चालू द्या तुमचं.”

ती त्याच्या पाठीला पाठ लावून बसली आणि तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने पाठ थरथरू लागली. नेहमीच्या जागी तो नेहमीसारखाच घसरला, तेव्हा तिने हात मागे नेऊन त्याच्या दंडावर एक टिचकी मारली.