रविवार दहाची ओळ

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. एरवी माझं कुणाशी सख्य नाही. मी पांढरा फळा आहे. डाव्या कोपऱ्यात माझा पोपडा निघाला आहे. माझ्या अंगावर पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम लिहितात. सात दिवस झाले की फडकं फिरवतात आणि त्याच जागी पुन्हा तेच दिवस.

पत्र्यावर मुलामा देऊन मला भट्टीतून काढलं, तेव्हा माझ्यासारखे चाळीसजण होते. बाकीचे शाळांमध्ये गेले. त्यांच्यावर गणितं आली. माझ्या वाट्याला दोन बहिणी आल्या.

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत मायक्रोफोन, दुसरीत मी, मध्ये काच. इथून इंटरनेटवर एक रेडिओ चालतो. त्यातली जुनी गाणी थोरलीची आणि बाकीचं मनोरंजन धाकटीचं. यंत्रं सांभाळायला एक गृहस्थ आहेत. दोघी त्यांना कानसेन म्हणतात, तेही तोंडावर.

एक जुना आठवडा असा:
सोमवार, सकाळी आठ: कालची गाणी. निळ्या शाईत.
मंगळवार, दुपारी चार: कोडी आणि कुरापती. लाल शाईत.
बुधवार, सकाळी आठ: तबकडीची दुसरी बाजू. निळी.
गुरुवार: इथे कुणाचं तरी कोपर लागलं आहे. मला ते वाचता येत नाही. तुम्हालाही येणार नाही.

निळी शाई थोरलीची, लाल धाकटीची. ज्या रंगात लिहिलं, तो रंग जिचा तिनेच पुसायचा. दुसरीच्या शाईला बोट लावायचं नाही. हा नियम त्यांनीच केला, कारण त्याआधी एकमेकींचं पुसून पुसून मला खरवडून काढलं होतं. शनिवारी पावणेपाचला कानसेन माझा फोटो काढून वेबसाइटवर टाकतात. पाचला थोरली मायक्रोफोनसमोर बसते आणि काचेतून माझ्याकडे बघत सगळा आठवडा थेट वाचून दाखवते. एकदा वाचलं की पक्कं. मग हुज्जत नाही. हुज्जत शनिवारी दुपारपर्यंत उरकायची असते आणि ती दोघी अगदी मन लावून उरकतात.

रविवार, सकाळी दहा.

ही ओळ अकरा वर्षं निळी होती. थोरलीच्या सांगण्यावरून जुनी गाणी, एक तास. नवरा गेल्यावर तिने जे काही धरून ठेवलं, त्यातलं हे एक. त्या तासासाठी ती इस्त्रीचे कपडे घालून यायची. रेडिओवर कोण बघतंय, असं धाकटी दर रविवारी म्हणायची आणि थोरली दर रविवारी न ऐकल्यासारखं करायची.

धाकटीला ती ओळ हवी होती. तिला हास्यस्पर्धा घ्यायची होती. रविवारी लोक घरी असतात, त्यांना हसायचं असतं, तुझ्या रडगाण्यांनी त्यांचा चहा गार होतो, असं ती म्हणे. थोरली म्हणे, मी जिवंत आहे तोवर नाही.

मग एका शुक्रवारी थोरलीच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. शनिवारी दुपारी खोलीत धाकटी एकटीच होती. तिने फडकं घेतलं नाही. तळहातानेच रविवारची निळी ओळ पुसली आणि त्या ओलसर निळसर डागावर लाल अक्षरं काढली: महाहास्यस्पर्धा. मित्रांनो, तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं असेल. छे. थोरली लिहिताना पेन दाबायची. अकरा वर्षं ती माझ्या एकाच जागी टोचत आली होती.

पावणेपाचला फोटो निघाला. कानसेन खाली बघत होते.

पाचला पाच कमी असताना थोरली आली, एका डोळ्यावर पट्टी, जिन्याचा कठडा धरत. धाकटी तेव्हा काचेपलीकडे होती. थोरली माझ्यासमोर उभी राहिली, वीतभर अंतरावर. चांगला डोळा तिने माझ्या रविवारवर टेकवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. तिचा श्वास माझ्यावर आला. मग ती आत गेली, बसली, मायक्रोफोन चालू असल्याचा दिवा लागला आणि तिने सोमवारपासून सुरुवात केली. शेवटी म्हणाली, रविवारी सकाळी दहा वाजता नेहमीप्रमाणे आपली जुनी गाणी.

दिवा लागलेला असताना कुणी बोलत नाही. धाकटी नुसती लाल होत गेली.

नंतर थोरलीने सांगितलं, पट्टीमुळे काही दिसलं नाही, पाठ होतं तेच म्हटलं. खोटं. तिने पाहिलं होतं. मी साक्षीदार आहे, पण मला विचारतं कोण.

म्हणजे वेबसाइटवर एक आणि कानावर दुसरंच. रविवारी दहाला पाच मिनिटं असताना धाकटी तीन स्पर्धक घेऊन आली आणि थोरली काखेत तबकड्या घेऊन. खुर्ची एक. कानसेनांचं एकच तत्त्व आहे, दहा म्हणजे दहा. त्यांनी दहाला मायक्रोफोन चालू केला. दिव्याकडे दोघींचीही पाठ होती.

"ऊठ ताई," धाकटी म्हणाली. "लोक ऐकायला ताटकळलेत."

"माझी ओळ पुसलीस तू. हाताने. चोरासारखी."

"तुला रविवारी अकराजण ऐकतात. त्यातले तीन आपलेच मोबाइल आहेत."

"मग आठजण तरी आहेत."

"त्यातला एक झोपलेला असतो."

हे सगळं रेडिओवर थेट गेलं. त्यानंतरचंही गेलं. आजारपणात आईला कुणी उचललं आणि कुणी फक्त फोन केले. थोरलीच्या नवऱ्याला घरात कुणी काय म्हणायचं. स्पर्धक भिंतीला टेकून ऐकत होते, त्यांचे विनोद त्यांच्या पोटातच राहिले. सव्वादहाला कानसेनांनी काचेवर टकटक करून दिव्याकडे बोट दाखवलं. ऐकणाऱ्यांचा आकडा दोनशेच्या वर गेला होता.

थोरलीने तबकड्या उचलल्या आणि ती जिना उतरून गेली.

पुढच्या शनिवारी धाकटीने माझ्यावर रविवार दहाची ओळ लिहिली. यावेळी लपूनछपून नाही, थोरलीच्या देखत. लाल अक्षरात: दोघी बहिणी, थेट भांडण. तिने गोडीत समजावलं. तास तुझाच राहील, शेवटी एक गाणं लाव, हवं तर दोन. भांडायला आपल्याला तयारी थोडीच करावी लागते. लोक विचारतायत, ताई.

थोरलीच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती. फोटो निघाला. पाचला ती आत बसली आणि वाचू लागली. सोमवार, मंगळवार, बुधवार. निळं आणि लाल, दोन्ही एकाच आवाजात, कुठेही न अडखळता. शनिवार झाला. ती थांबली. काचेतून तिने माझ्याकडे पाहिलं नाही, धाकटीकडे पाहिलं.

"रविवारी सकाळी दहा वाजता," ती म्हणाली, "या केंद्रावर काहीही नाही. अकरा वाजता भेटू."

वाचलं की पक्कं.

रविवारी थोरली आली नाही. धाकटी आली. मायक्रोफोन तिच्यासमोर होता, कानसेन बटणावर बोट ठेवून तिच्याकडे बघत होते. ती मान हलवती तर त्यांनी चालू केला असता. ती खुर्चीवर तासभर बसून राहिली. आकडा उतरत गेला, तोही तिने पाहिला. अकराला उठली आणि पुढचा कार्यक्रम सुरू केला, हसऱ्या आवाजात. तो तिला कधीही काढता येतो.

थोरलीने तेव्हापासून पेन उचललेलं नाही. निळ्या ओळी एकेक करून लाल झाल्या. रविवार दहा तेवढी रिकामी आहे. धाकटी आठवडा लिहीत तिथवर येते आणि पेनचं टोपण लावते.

मला दोघींची कीव येत नाही. तरी तुम्ही इतकं ऐकलंत, तर एक सांगून ठेवतो. फळा ओल्या फडक्याने पुसा, तळहाताने पुसू नका, घामाने मुलामा जातो. आणि दुसऱ्याचं लिहिलेलं पुसायचंच असेल, तर आधी त्याला हाक मारा. तो येईल, कडाकडा भांडेल, कदाचित हातातलं फडकं हिसकावून घेईल. घेऊ दे.