निळीचा खिळा

चर्च सुटलं तशी कुवे गावची सगळी माणसं खानावळीत, बाहेरून आलेल्या दारूविक्या मोरिझोच्या टेबलाभोवती लोटली. मुंगीला शिरायला जागा उरली नाही.

"ॲबसिंथला तुम्ही 'निळी' म्हणता ना?" मोरिझोने बाटली उंच धरली. "आजवर कधी निळ्या रंगाची पाहिलीत? पाण्यासारखी नितळ पीत आलात, भोळ्यांनो! ही अस्सल. बंदीच्या आधीची. ॲबसिंथमधली ती जुनी परी हिच्यात अजून जिवंत आहे. पोटातला गोळा विरघळवते!"

त्याने ग्लासात पाणी ओतलं. दारू दुधाळ झाली.

"परी उठली!" लोकांनी हात जोडणं तेवढं बाकी ठेवलं.

मागे उभी असलेली ओल्गा दातओठ खात होती. बंदी आल्यापासून वीस वर्षं ती न्हाणीघरात चोरून ॲबसिंथ गाळत होती. बडीशेपेचं तेल दारूत विरघळतं, पाण्यात फुटतं, म्हणून ती दुधाळ होते. त्या दुधावर निळसर झाक येते, एवढ्यावरून नाव पडलं निळी. पण बाटलीतच निळा रंग? तिचा धाकटा भाऊ युलिस पोटातल्या गोळ्यावर औषध म्हणून तिचे रोज दोन ग्लास घेत होता आणि ओकत होता. लवकर ऑपरेशन केलं तर वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तो तयार नव्हता.

काल तिने त्याच्या ग्लासात सुरी ढवळली, तर पातं तांब्यासारखं लाल! तिला ओळख पटली. तरुणपणी तळ्याकाठच्या द्राक्षमळ्यांत तिने फवारणी केली होती. तक्रार करावी तर स्वतःचीच भट्टी उघडी पडणार होती. तरी आज ती पुढे आली आणि मोरिझोच्या ग्लासात लोखंडी खिळा टाकला.

"वीस वर्षं मी गाळतेय, म्हणून सांगते. पाच मिनिटं थांबा."

खिळा लाल झाला.

"हे मोरचूद आहे! द्राक्षांवर मारतात ते. त्यातलं तांबं लोखंडावर चढलंय. विष पिताय तुम्ही!"

सगळे खिळ्यावर वाकले. मग मोरिझोने खिळा उचलला. "बघितलंत? परीनं लोखंडाचं सोनं केलं!"

खानावळ दणाणली. व्होशे भटारी हसला, "ओल्गाबाई, धंदा बसला म्हणून पोटात दुखतंय होय?"

"युलिस, तू तरी ऐक," ती म्हणाली.

"ताई, डॉक्टर कापायचं म्हणतो. परी कापत नाही."

बर्फ पडायच्या आत युलिस गेला. मोरिझो त्याआधीच पसार झाला होता. खिळा मात्र खानावळीच्या भिंतीवर टांगलेला राहिला.

एका रविवारी भटाऱ्याची बायको गळ्याची गाठ त्या खिळ्याला लावून उभी होती.

"तुमच्याच हातचा ना हा, ओल्गाबाई? म्हणून तर गुण येतो."

ओल्गाला रडू फुटलं. "अगं, चिमूटभर मोरचूद आण, पेलाभर पाणी घे, खिळा टाक. घरी करून बघ. परीला बोलावू नकोस, तरी लाल होईल. माझा भाऊ गेला गं याच्यापायी. डॉक्टरकडे जा. आजच जा."

"जाते की," ती म्हणाली, आणि तिने गाठ पुन्हा एकदा खिळ्याला लावली.