पंख्यावरचा फोम

निवृत्तीनंतर बाबा कॉम्प्युटरवर घरांची चित्रं काढू लागले होते. पण घर जरा फिरवून बघायला गेलं की मशीन अडकायचं.
"सोडून देतो. या वयात कशाला हे उद्योग?"
लेकीने प्रोसेसरचा वेग एक पायरी वाढवला, पूर्ण ताणाची चाचणी लावली आणि तापमान बघत बसली. आकडा भराभर नव्वदीपार गेला. तिने लगेच मशीन बंद करून मागे डोकावलं. पंख्याच्या जाळीवर फोमचा तुकडा नीट चिकटवला होता.
"आई, हे तू केलंस?"
"मग काय! चित्र हलेपर्यंत हे खुर्चीतच डुलक्या घेतात. पंख्याच्या घरघरीने दचकून उठायचे."
लेकीला रागावताच येईना. तिने फोम काढला. आता दुसऱ्या पायरीलाही तापमान सत्तरीतच राहिलं. तिसरीला मशीन हँग झालं, तेव्हा ती मुकाट्याने दुसरीवर परत आली.
बाबांनी घर गर्रकन फिरवलं. "अगं, पंखा केवढा ओरडतोय!"
"ओरडू दे," म्हणत आईने शेजारी खुर्ची ओढली. "आता झोपायला वेळ कुठाय तुम्हाला? आधी ती स्वयंपाकघराची खिडकी मोठी करा."