एकोडीच्या विहिरीचं पाणी

सुगतचा संशय रीनावर बसला तो सोमवारी, आणि एकदा बसल्यावर काही केल्या उठेना.

लाखनीजवळच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत काम तसं सरळ होतं. बाटल्यांत वाढवलेल्या माणसाच्या पेशी. काहींत क्षयाच्या लसीतला जंतू सोडायचा, काहींत त्याचा चुलतभाऊ, सुगतनेच आपल्या एकोडी गावच्या तलावातून आणलेला. मग पेशींच्या पोटात कोण किती वाढतो ते ताटलीवर पाहायचं. लसवाला आळशी, ताटलीवर उगवायला तीन आठवडे घेतो. तलाववाला चार दिवसांत पिवळाधमक. आणि आता चौथ्याच दिवशी लसवाल्याच्या ताटल्या पिवळ्या! म्हणजे बाटल्यांची सरमिसळ झालेली. बाटल्या हाताळायची सानगडीची रीना, सहा महिन्यांपूर्वी लागलेली, एक डोळा सतत फोनवर.

"तिचं ध्यानच नाही राहत कामात," सुगतने प्रयोगशाळेच्या प्रमुख भावना मॅडमच्या कानावर घातलं. मॅडमनी रीनाच्या नोकरीची मुदत वाढवली नाही. शुक्रवार तिचा शेवटचा दिवस ठरला.

तरी गड्याला पुरावा हवाच होता. रीना जिथे जिथे हात लावायची तिथे तिथे त्याने कापसाचा बोळा फिरवला आणि त्याच दिवशी ताटल्या लावल्या. जाता जाता, बाटल्या ठेवायच्या उबेच्या कपाटात हवा दमट राहावी म्हणून ठेवलेल्या पाण्याच्या तसराळ्यातही एक बोळा बुडवला.

शुक्रवारी सकाळी रीनाच्या सगळ्या ताटल्या स्वच्छ. तसराळ्याची पिवळीजर्द.

म्हणजे तलाववाला बाटल्यांत शिरला तो ह्या पाण्यातून. तसराळं भरायचं काम त्याचं. शुद्ध पाण्याचं यंत्र बंद पडलेलं, नळाला गढूळ पाणी, म्हणून दोन आठवडे तो प्यायला घरून आणलेल्या बाटलीतलं विहिरीचं पाणी ओतत होता. विहीर एकोडीच्या त्याच तलावाच्या पाळीला खेटून. पण आपला तो बाब्या! गावच्या पाण्यावर कोण संशय घेतो?

ताटली कचऱ्यात टाकली तर कोणाला कळणार होतं? तेवढ्यात खांद्याला बॅग लावून रीना आली.

"दादा, जाऊन राहिली मी. तुमच्या विहिरीचं पानी द्या ना जरासं. याद येईन मले ह्या पान्याची."

त्याने दिलेल्या बाटलीतून ती घटाघटा प्यायली. सुगतला स्वतःची लाज वाटली, अगदी मान वर होईना.

"रीना, बॅग ठेव खाली."

"काहून?"

त्याने ताटली पुढे केली. "तुही चूक नोहोती. ह्या पान्यानं घोळ केला. मीच ओतत होतो. मॅडमले सांगतो आत्ताच."

रीनाने ताटली उजेडात धरून पाहिली. "म्हंजे मॅडमले माह्याबद्दल तुमीच सांगतलं होतं, दादा?"

सुगतने होकारार्थी मान डोलावली.

तिने बाटलीला झाकण लावलं आणि ती त्याच्यासमोर ठेवली.

"आता तुमीच प्या," म्हणाली, आणि मॅडमच्या खोलीकडे निघाली.