एकच व्यक्ती असल्याचा दाखला

कचेरीतली चौथी खिडकी नावदुरुस्तीची. तिच्यामागे एकोणीस वर्षं बसलेल्या गृहस्थांना सगळे वेलांटीसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. अर्जात पहिलीच्या जागी दुसरी वेलांटी पडली, एखादा अनुस्वार गळला, की साहेब दोन बोटांनी अर्ज उलटा सरकवत. "स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही? नवीन अर्ज आणा." समोरचा माणूस तीन तास रांगेत तिष्ठून आलेला असे. साहेबांना त्याची दया येत नसे. नावात चूक म्हणजे माणसातच चूक, असं ते चहाच्या वेळी शिपायालासुद्धा ऐकवत.

अशा या माणसाने समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या शेजाऱ्याचं नाव अडीच मिनिटांत घालवलं.

झालं असं, की शेजारी हसत दारात आला, हात पुढे केला आणि स्वतःचं पूर्ण नाव स्वच्छ सांगितलं. पण त्या वेळी वेलांटीसाहेब स्वतःचं नाव हुद्द्यासकट कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होते. समोरून आलेलं नाव कानावर आदळलं आणि तिथूनच परत गेलं. दार लागल्यावर बायकोने विचारलं, "काय हो, काय नाव म्हणाले?"

"तुला सांगून काय उपयोग? तुझ्या डोक्यात एक नाव टिकेल तर शपथ!"

ती आत निघून गेली. नाव साहेबांच्याही डोक्यात टिकलं नव्हतं, हे तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी विचारता आलं असतं. आठवड्याने जरा लाजत विचारता आलं असतं. महिन्याने मात्र ते शक्य राहिलं नाही, कारण तोवर शेजारी घरचा झाला होता. तो लिफ्टचा मेकॅनिक. हातात कला, घरात ड्रिल आणि शिडी, आणि स्वभाव असा की हाक मारायचा अवकाश. त्याने साहेबांचा गळका नळ थांबवला, कुरकुरणारं दार गप्प केलं, गीझर दोनदा खोलून बसवला. साहेब त्याला कधी 'राजे' म्हणत, कधी 'दोस्त', कधी नुसतंच 'अहो, ऐकलं का'. मोबाइलमध्ये त्याचा नंबर 'ड्रिल' या नावाने होता. "दारावर पाटी कधी लावताय?" असं साहेबांनी तीनदा मोठ्या आशेने विचारून पाहिलं.

"पाटी कशाला?" शेजारी म्हणे. "ओळखणारे ओळखतात की!"

"अगदी बरोबर," साहेब म्हणत. आणि चारचौघांत त्याच्या खांद्यावर हात टाकून सांगत, "हा माझा सख्ख्या भावासारखा."

सव्वा वर्ष असं निभावलं. मग एका रविवारी सकाळी साहेबांच्या बैठकीच्या खोलीत पडद्याचा नवा दांडा बसवायचा होता. शेजारी शिडीवर, साहेब शिडी धरून. तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी शिडी सोडून फोन घेतला. फोन विम्याच्या जाहिरातीचा होता. साहेबांनी तो कापला, तोवर शेजारी दांड्यासकट खाली आला होता. पाय मोडला, जबड्याला टीपॉयची कड लागली, तोंडातून शब्द फुटेना.

त्याची बायको सकाळीच बहिणीकडे गेली होती, आणि तिचा नंबर साहेबांकडे नव्हता. शेजाऱ्याच्या मोबाइलला कुलूप, पाकीट घरात, घराची चावी कुठे ते तो सांगू शकत नव्हता. साहेबांनी धावपळ करून त्याला दवाखान्यात नेलं, हे कबूल करायला हवं. स्ट्रेचर आत गेलं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला.

"पेशंट तुमचे कोण?"

"भाऊच समजा."

"नाव?"

साहेबांनी 'एक मिनिट' म्हणून फॉर्म हातात घेतला. त्यांनी बाजूला जाऊन घरी फोन लावला. "अगं, त्यांचं नाव काय गं?"

"मला काय माहीत?" बायको म्हणाली. "मी विचारलं तेव्हा तुम्ही अंगावर आलात. मी तर वहिनींना वहिनीच म्हणते."

"काका, मागे रांग आहे," मुलगी म्हणाली. "भावाचं नाव आठवायला इतका वेळ?"

'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द पुरले असते. पण ते तीन शब्द साहेबांनी एकोणीस वर्षं फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. त्यांनी शाळेतल्या बाकावरच्या सोबत्याचं नाव घेतलं, त्याला बायकोच्या शिंप्याचं आडनाव जोडलं, आणि फॉर्ममध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.

दुपारी चावीवाल्याकडून शेजाऱ्याचं दार उघडून घेण्याचा साहेब दवाखान्यात बसून विचार करत होते, तेवढ्यात तिकडे शेजाऱ्याची बायको घरी परतली. साहेबांच्या बायकोकडून कळताच ती तशीच दवाखान्यात धावली. काउंटरवर तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. "असा कोणी पेशंट नाही," उत्तर आलं. बाई जिने चढल्या, जिने उतरल्या, तीन वॉर्ड हिंडल्या. चौथ्यात नवरा सापडला. पायाला प्लास्टर, जबडा बांधलेला, आणि मनगटावरच्या पट्टीवर भलत्याच माणसाचं नाव.

"हे काय?" रडवेल्या बाईंनी विचारलं.

"लिपिकाची चूक," साहेब म्हणाले. "काय माणसं भरतात हल्ली! साधं नाव लिहिता येत नाही."

शेजाऱ्याला बोलता येत नव्हतं. पण ऐकू येत होतं, आणि काउंटरवरचा फॉर्म त्याने घरी जाताना पाहिला. अक्षर ओळखीचं होतं.

दीड महिन्याने तो कुबड्या घेऊन चौथ्या खिडकीशी रांगेत उभा राहिला. कामावरच्या रजेसाठी दवाखान्याचे कागद लागत होते, कागद दुसऱ्याच माणसाचे होते, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा दाखला या कचेरीशिवाय कुठे मिळत नव्हता. त्याने अर्ज सरकवला. साहेबांनी नेहमीप्रमाणे आधी वेलांट्या पाहिल्या. सगळ्या जागच्या जागी. मग 'चुकीचे कारण' या रकान्याकडे नजर गेली.

तिथे लिहिलं होतं: 'मला दवाखान्यात नेणाऱ्या शेजाऱ्यांना सव्वा वर्षाच्या घरोब्यानंतरही माझं नाव माहीत नव्हतं. विचारण्याऐवजी त्यांनी नवीन ठेवलं.'

"अहो, हे जरा सौम्य करा ना," साहेब खिडकीतून वाकून कुजबुजले. "लिपिकाची चूक, असं लिहा."

"लिपिकाचीच आहे," शेजारी म्हणाला. "पण मग कुठल्या लिपिकाची तेही लिहावं लागेल."

रांगेतला एक म्हातारा खुदकन हसला. साहेबांनी अर्ज घेतला आणि सहीसाठी मोठ्या मॅडमकडे नेला. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"ज्याने चुकीचं नाव दिलं त्याचा लेखी जबाब कुठे आहे? त्याशिवाय अर्ज घ्यायचा नाही, हा नियम तुम्हीच आग्रहाने करून घेतलात ना?"

"आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे... देतो."

मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं उमगलं. त्या हसल्या नाहीत, हेच जास्त लागलं. साहेबांनी आपल्याच टेबलाशी बसून जबाब लिहिला, शेजाऱ्याचं नाव अर्जातून एकेक अक्षर पाहून उतरवलं, आणि दाखला त्याच्या हातात दिला.

"माफ करा," ते म्हणाले.

"पहिल्या दिवशी विसरलात त्याचं काही नाही," शेजारी म्हणाला. "तसं मीही विसरतो. दुसऱ्या दिवशी विचारायचं होतं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

तो कुबड्या टेकत गेला. त्या दिवशी साहेबांनी एकही अर्ज परत केला नाही. शिपायाने तब्येतीची चौकशी केली.

रविवारी साहेबांनी समोरच्या दाराची बेल वाजवली. दार बाईंनी उघडलं. त्यांनी 'या' म्हटलं नाही. साहेब उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, शेजाऱ्याला त्याच्या पूर्ण नावाने नमस्कार सांगितला, आणि मग चाचरत म्हणाले, "वहिनी, तुमचं नावही मला माहीत नाही. सांगाल का?"

बाईंनी हाताची घडी घातली. "सांगते. आधी तुमच्या बायकोचं सांगा. सव्वा वर्षात तुमच्या तोंडून 'अगं' सोडून दुसरी हाक ऐकली नाही मी."

साहेबांनी घसा साफ केला आणि बायकोचं नाव घेतलं. फार दिवसांनी तोंडात आल्यामुळे ते जरा अवघडून आणि गरजेपेक्षा मोठ्याने आलं.

मागे त्यांच्या घराचं दार उघडलं. पिठाचे हात तसेच धरून बायको घाबरून बाहेर आली.

"काय हो, काय झालं? कोण पडलं?"