दोन्ही बाजूंची माणसे

मानवी मनाचा माझ्याइतका सखोल अभ्यास आजवर कोणीही केलेला नाही. मी एक जुना दरवाजा आहे. तोही एखाद्या वाचनालयाचा नव्हे, निजायच्या खोलीचा.

मित्रांनो, सुताराने रंधा मारून मला चौकटीत बसवले, तेव्हा बाबांनी माझ्यावर टिचकी मारून आल्यागेल्याला सांगितले, "अस्सल लाकूड आहे!" ते कौतुक महिनाभर टिकले. पुढे आपटून घेणे हाच माझा धंदा झाला. या घरात "मला राग आलाय" असे कोणी म्हणत नाही. ते मला म्हणावे लागते. मुलगी मला आपटते आणि लगेच उघडून पाहते, कोणी ऐकले की नाही. बाबा धाडकन आपटतात आणि आतून ओरडतात, "मी रागावलेलो नाही!" आई आपटत नाही, हलकेच लोटते. अशा वेळी सर्वांनी जपून राहावे.

आंघोळ झाली की बाबा ओला टॉवेल माझ्याच डोक्यावर टाकत. आई म्हणे, "अहो, बाहेर दोरी आहे." बाबा म्हणत, "इथेच वाळतो गं." वाळायचा खरा, कारण पाणी मी प्यायचो.

एकदा मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली. ते तिने आईला सांगितले, शेजारच्या काकूंना सांगितले; बाबांना काकूंनी जिन्यात अभिनंदन करून कळवले. झाले! बाबांनी अबोला धरला. मीठ हवे असले तरी "तिला म्हणावं, मीठ दे" असा निरोप आईमार्फत जाई.

निघायचा दिवस उजाडला. बाबांनी माझ्यावर टॉवेल टाकला, मुलीची बॅग पाहिली, "जा, जा! आम्ही कोण?" म्हणाले आणि मला असे आपटले की पाण्याने फुगलेला मी चौकटीत रुतूनच बसलो.

"हे उघडत नाहीये!" आतून बाबा ओरडले.

"नाटकं पुरे, बाबा," बाहेरून मुलगी म्हणाली.

"नाटक कसलं? दाराची मूठ तुटून हातात आलीये माझ्या!"

आईने सुताराला फोन केला. तोवर मुलगी मला पाठ टेकून बाहेर बसली. बाबाही आत तसेच टेकले. मध्ये मी.

"राग आलाय ना, बाबा?"

"अजिबात नाही." मग तुटलेली मूठ हातात फिरवत ते म्हणाले, "थोडा आलाय. काकूंना आधी सांगितलंस."

"तुम्ही नाही म्हणाल, अशी भीती वाटली."

"म्हणालोच असतो," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले. "पण सकाळी हो म्हणालो असतो. मला एक रात्र लागते गं."

एवढ्यात सुतार आला आणि त्याने पटाशी उचलली. आईने त्याचा हात धरला.

"थांबा. आधी चहा घ्या."

"वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे."

"म्हणूनच म्हणते."

आतून बाबा म्हणाले, "तू गेलीस की घर खायला उठेल, हे सांगायचं होतं. तोंडातून मीठच निघालं."

बाहेर मुलगी रडता रडता हसली. सुतार उठू लागला.

"अजून अर्धा कप घ्या," आई म्हणाली.

"पोटात जागा नाही, वहिनी!"

"मग बिस्किट खा."

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. आईने मान हलवली आणि सुताराने बिस्किटासकट मला खांद्याने धक्का दिला. बाबा बाहेर आले, मुलीला जवळ घेतले आणि तिची बॅग स्वतः खाली नेली. दुसऱ्या हातात माझी मूठ होती. तीच हलवून त्यांनी टॅक्सीला निरोप दिला.

मित्रांनो, राग आला तर राग आला म्हणा. वाईट वाटले तर तसे सांगा. मीठ मात्र मीठ हवे असेल तेव्हाच मागा. आमचे बाबा आता मुलीला रोज फोन करतात आणि "आज जरा उदास वाटतंय" असे मोकळेपणाने सांगतात. ऐकून माझे लाकूड धन्य होते.

फक्त तेवढा तो ओला टॉवेल कोणीतरी दोरीवर टाका.